ठिपकेवाल्यांचा वाली

३ मार्च
आजपासून रोजनिशी. ठिपकेवाला बेडूक आता फक्त आमच्या टेकडीवरच्या चार तळ्यांत उरलाय आणि त्याला माझ्याशिवाय वाली नाही. उद्या तो वाचला, तर कोणी वाचवला याची कुठेतरी नोंद हवी.
खालच्या खोऱ्यात बेडकांना मारणारी बुरशी आली आहे. चिखलातून पसरते. संशोधन केंद्राच्या बाईंनी बजावलं, प्रत्येक तळ्यानंतर गमबूट ब्लीचमध्ये बुडवायचे. संकल्प: हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळणे. शिवाय पोट कमी करणे.

६ मार्च
खालच्या खोऱ्यात पाहणी. बेडूक जिकडेतिकडे उताणे. अंगावर काटा आला. फोटो झकास आलेत. बूट उद्या बुडवू.

७ मार्च, सकाळी
पहिलं तळं. काय तो गलका! स्वतःचा आवाज ऐकू येईना. रेकॉर्डर लावला. ब्लीच घरीच राहिलं. बूट गवताला पुसले. गवत हे निसर्गाचं जंतुनाशक आहे. (यावर पेपर?)

१५ मार्च
दुसरं तळं. ब्लीच नेलं होतं, पण वासाने शिंका येतात. शास्त्रज्ञाची प्रकृती हीसुद्धा निसर्गसंपत्तीच.
बायकोने चिखलाचे बूट बाथरूममध्ये आणायला बंदी केली. वर उजवा बूट फेकून द्या म्हणाली. शेजारच्या कुत्र्याने टाचेचा लचका तोडलाय, एवढंच तर आहे. शेवटी अंगणातल्या टबात खळबळले. या टबात मुलीचा पाळीव बेडूक राहतो, वस्ताद. साधाच बेडूक, पण संध्याकाळचा रियाज चुकवत नाही. मुलगी ओरडली. पाणी जरासंच गढूळ झालं होतं.

४ एप्रिल
पहिल्या तळ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता वारा. रेकॉर्डर बिघडला. स्टोअरच्या कारकुनाला खरमरीत मेल पाठवला. हल्ली माल निकृष्ट येतो.

१२ एप्रिल
दुसऱ्या तळ्याचाही बिघडला. काठावर काही बेडूक उताणे. ऊन खात असावेत. फोटो काढले नाहीत.
बाईंनी फोनवर विचारलं, बूट बुडवता ना? हो म्हणालो. मनात तर रोज बुडवतो.
पोट जैसे थे.

१३ एप्रिल
बायको म्हणते, तुम्ही जाल तिथेच कसं सगळं गप्प होतं? तुमचा पायगुण म्हणे! शास्त्रज्ञाच्या बायकोने असं बोलावं?
संकल्प: तिसऱ्या तळ्यावर रोज जायचं. अडचणीच्या वेळी आपलं माणूस जवळ लागतं.

२९ एप्रिल
तिसरं तळंही गेलं. रेकॉर्डर कानाला लावून तपासला. चालू आहे. माझी पावलं स्पष्ट ऐकू येतात, चपक चपक. बाकी काहीच नाही. काठावर बसून रडलो. खरंच रडलो.

३० एप्रिल
हा घातपात आहे! तिन्ही तळ्यांच्या काठी, चिखलात, एकाच माणसाचे ठसे. उजव्या टाचेत खाच. म्हणजे हाच नराधम बुरशी घेऊन हिंडतोय. फोटो काढून बाईंना पाठवले. आता चौथं तळं तेवढं उरलंय. तिथे उद्या मी जातीने पहारा देणार.

१ मे
चौथ्या तळ्यावर दिवसभर गस्त. काठाने, लव्हाळ्यातून, गुडघाभर पाण्यातून. माझ्याशिवाय कोणी फिरकलं नाही. बेडकांचा गलका ऐकून ऊर भरून आला.
घरी येऊन पाहतो तर बाईंचं उत्तर: उद्या केंद्रात येताना तेच बूट घालून या. संशयितांतून मला वगळायचं असणार. रीतच आहे तशी.

२ मे
बाईंनी माझा उजवा बूट उलटा करून फोटोशेजारी ठेवला. मग हळूच विचारलं, चौथ्या तळ्यावर गेला नाहीत ना?
मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला.
बूट त्यांनी ठेवून घेतले. मोज्यांवर घरी आलो.
मुलगी अंगणात टबापाशी उकिडवी बसली होती. वस्ताद आज गायलाच नाही म्हणाली. का गायला नाही, म्हणून माझ्याकडे बघत राहिली.
रेकॉर्डर बिघडला असेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण टबाला रेकॉर्डर कधी लावलाच नव्हता.