अ‍ॅम्ब्युलन्सचा ठिपका

५ डिसेंबर, शुक्रवार
परवा पेण-रोहा सायकल रॅली. गाड्यांवर नजर ठेवायची सेवा आमच्या हॅम रेडिओ क्लबकडे, म्हणजे माझ्याकडे. ट्रॅकर गाडीत ठेवला की तो दर मिनिटाला रेडिओवरून जागा कळवतो, नकाशावर ठिपका सरकतो. एक पुढच्या पाण्याच्या टेम्पोत, एक मागच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये. नकाशावर कुठली गाडी कुठली ते ओळखू यावं म्हणून दोन्हींना नंबर टाकले. सेक्रेटरी हरेश म्हणाला, एकदा तपासू या. म्हटलं, रेडिओचं लायसन्स काय उगाच मिळालंय मला?

७ डिसेंबर, रविवार, सकाळी ९.२०
वडखळजवळ वैशाली नावाची मुलगी सायकलवरून पडली. नकाशा बघितला, तर अ‍ॅम्ब्युलन्स नागोठण्याच्या पुढे! ड्रायव्हर हिरामणला फोन. म्हणे, "वडखळच्या मागंच हाय मी, दादा. कुठं येऊ?" नकाशा खोटं बोलत नाही, असं सुनावून फोन ठेवला. दुसरी गाडी मागवली. अर्धा तास गेला. हिरामण जागा सोडून गेला, हे रेडिओवर सगळ्यांना सांगितलं. शिस्त हवी.

संध्याकाळी ७
ट्रॅकर चार्जिंगला लावताना दिसलं. दोन्हींना नंबर ९. गाड्या दोन आणि ठिपका एकच, कधी इथे, कधी तिथे. हिरामण खरं बोलत होता. वैशालीचं कोपर मोडलंय. अर्थात ते पडल्यामुळे, उशिरामुळे नाही. जेवण गेलं नाही. बायकोला, नमिताला, अ‍ॅसिडिटी म्हणून सांगितलं.

८ डिसेंबर, सोमवार
अ‍ॅम्ब्युलन्सच्या मालकाने हिरामणला घरी बसवलं. सगळं सांगायला हरेशला फोन लावला. त्याने उचलल्यावर ट्रॅकरच्या बॅटरीविषयी बोललो. तोही विषय महत्त्वाचा आहे.

१० डिसेंबर, बुधवार
हिरामण माझ्या घरी आला. मशिनीत गाडी कुठं कुठं होती ते छापून द्या, मालकाला दाखवतो, म्हणाला. दिलं. दारातच उभं राहून वाचलं त्याने. "दादा, नागोठणं ते वडखळ एका मिनटात? ही एक गाडी नाय. दोन हायत." मला दोन तास नकाशासमोर बसून हे दिसलं नव्हतं. असं व्हतं का कधी, त्याने विचारलं. क्वचित होतं, म्हटलं. कुणामुळे, ते बोललो नाही. मग तुमीच मालकाला सांगा, तुमचं ऐकतील, म्हणाला आणि वर आभार मानून गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ डिसेंबर, गुरुवार
आज वरसे गावी मालकाकडे जाणारच होतो. पण नुसतं तोंडी सांगणं बरं दिसत नाही. दिवसभर बसून ट्रॅकर तपासणीची नियमावली लिहिली. चौदा नियम. पहिला: चूक लक्षात येताच कळवावी. अक्षर छान आलंय. उद्या नक्की.

१२ डिसेंबर, शुक्रवार
गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नंबर मी चुकवले, हिरामणला खोटं मी पाडलं. नियमावली पिशवीतच राहिली. मालक रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "अवो, मग काल का नाय आलात? कालच सांजच्याला दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्याला आता कसा काढू?"

सकाळी फोन करून बोलावलेला हिरामण बाहेर माझी वाट बघत उभा होता. काय म्हणाले, त्याने विचारलं. लगेच सांगितलं, नंबर मी चुकवले तेही. काल मी घरीच बसून होतो, हेसुद्धा.