अण्णांच्या मापाचा कोट

३ नोव्हेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
अक्षर जाड आलंय, हसू नकोस. स्कूटरवरून पडल्याला पाच महिने झाले, डोक्याचे टाके केव्हाच निघाले, पण ट्यूबलाइट लागली की कपाळात सुई शिरते. मशीनचा खडखडाट सोसत नाही, म्हणून दुकानात रोज दोन तास नुसती हातशिलाई करतो. कालचं आज आठवत नाही. तुझ्या वहिनीने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. माझ्या कपाळावर तेवढी एक लावायची राहिलीय.

बातमी अशी की अण्णांसाठी कोट बेतलाय. मापाची वही उघडावीच लागली नाही. जन्मभर टपालाची पिशवी वाहून त्यांचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, बापाचं माप माझ्या हातांना पाठ आहे. आतून खिसा एक हवा की दोन, विचारून कळव. स्वतः दोन ओळी लिहीत नाहीत, रुसलेत का?

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.
तुझा धाकटा

९ नोव्हेंबर
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
दोन तास म्हणजे दोनच तास. तिसऱ्या तासाला वहिनीने तुझ्यासकट दुकानाला कुलूप लावावं, असं माझं तिला सांगणं आहे.

अण्णा बरे आहेत. खिसे दोन म्हणाले, एक चष्म्याला. हात थरथरतो म्हणून लिहीत नाहीत. कोटाची घाई करू नकोस, जिवाला जप.
ताई

१७ नोव्हेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
खिशांची नोंद करायला वही उघडली. अण्णांच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय की अण्णा १९ जुलैला गेले, ताईने फोनवर सांगितलं. त्याखाली सप्टेंबरची तारीख आणि पुन्हा तेच, शिवाय हे वर लिहिलेलं आहे, असंही. तुझ्या वहिनीला विचारलं तर ती तोंड फिरवून रडायला लागली. दोनदा सांगून झालंय म्हणाली, दोन्ही वेळा मी अन्नाला शिवलो नाही. तिसऱ्यांदा तिचा धीर झाला नाही.

तुझा मात्र राग आलाय, ताई. डोक्यात काही टिकत नाही, आता माझं सगळं कागदावर चाललंय. कोणतं अक्षर खरं मानू, माझं की तुझं? मला रडू दे, पण खोट्यात ठेवू नकोस. शंभरदा विचारलं तर शंभरदा सांग.
धाकटा

२२ नोव्हेंबर
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
चुकलं माझं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाचा तुझा आवाज कानातून गेला नव्हता, तर दुसऱ्यांदाही तू तसाच रडलास, जणू आत्ताच कळलं. पुन्हा ऐकायची माझी छाती नव्हती. आणि एक सांगू? दोन खिसे म्हणाले, असं लिहिताना अण्णा आतल्या खोलीत बसलेत असं घटकाभर वाटलं, फार बरं वाटलं.

आता शब्द देते. विचारशील तेव्हा खरं सांगेन. कोट पुरा कर, मी घालेन.
ताई

१४ डिसेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
कोट पार्सलने धाडलाय. काजं हातानं केलीत, खिसे दोन. डोकं थोडं बरं आहे, आठवडाभर एकाही चिठ्ठीची गरज पडली नाही. अण्णांना कोट कसा बसला? डावा खांदा नीट बघ. थंडी वाढलीय, त्यांना सकाळी बाहेर सोडू नकोस.
तुझा धाकटा

२० डिसेंबर
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
हे पत्र बसून वाच, वहिनीला जवळ बोलाव.

अण्णा गेले. १९ जुलैला, सकाळी, झोपेतच. तू अंथरुणात होतास, येऊ शकला नाहीस, त्यात तुझा काही दोष नाही. हे तुला आधी सांगितलंय, तुझ्या वहीत तुझ्याच अक्षरात आहे. पुन्हा विचारलंस तर पुन्हा सांगेन, कंटाळणार नाही.

कोट मी घातलाय. डाव्या खांद्यावर चुणी पडते. तुझं माप चुकलेलं नाही, ते त्यांचंच आहे. दुरुस्तीला परत पाठवणार नाही.

तुझी,
ताई