मंजूची पाचपेडी वेणी

३ मे १९७८, बुधवार
यंदा सुट्टीत बार्शीला जाणं नाही. वहिनीचे दिवस भरत आलेत, त्यात माझी दोन पोरं घेऊन माहेरी कुठे जाऊ. सकाळी गच्चीवर कुरडया. कावळे हाकायला मंजू, ओल्या कुरडया खायला बाळू. सा.बाईंनी परवाच्या वाळलेल्यांतून नेहमीसारखा एक डबा वेगळा भरला आणि माळ्यावर ठेवायला लावला. दरवर्षी भरतात. वर्षाने वास लागला की तोच खाली येतो. विचारलं तर म्हणतात, "आल्यागेल्याला असू दे की." सात वर्षं झाली या घरात, तो आला-गेला मी काही पाहिलेला नाही.
संध्याकाळी हे दोघा पोरांना घेऊन किल्ल्याच्या बागेत. मास्तरांना सुट्टी असली की असं तरी सुख.

५ मे, शुक्र.
परत बाग. सलग तिसरा दिवस. एरवी "पोरांना जरा फिरवून आणा" म्हटलं की यांना पेपर तपासायचे असतात.
आल्यावर मंजूची वेणी पाहिली. मी घालते तीन पेडांची, रिबीन वर दुमडून. ही पाच पेडांची. घट्ट, एक केस बाहेर नाही, रिबिनीचं टोक आत खोचलेलं. यांना स्वतःच्या धोतराचा काष्टा नीट येत नाही, हे पाचपेडी घालणार?
"कुणी घातली गं?"
मंजू म्हणाली, "बागेत सुटली, मग बाबांनी बांधली." आणि यांच्याकडे बघितलं. सहा वर्षांचं पोर, खोटं बोलताना कान लाल होतात. अगदी बापासारखे.

८ मे, सोम.
तीन दिवसांत तीनदा पाचपेडी.
आज मी युक्ती केली. मंजूची रिबीन वेणीला दोऱ्याने टाके घालूनच पाठवली. बघू म्हटलं कशी सुटते. परत आली तर वेणी पाचपेडी आणि रिबिनीला पुन्हा टाके, माझ्यापेक्षा बारीक. म्हणजे बाई आहे, सुईदोरा हाताशी असलेली आहे, आणि वर मला चिडवते आहे.
बाळूच्या चड्डीच्या खिशात सुताची रिकामी कांडी निघाली. केसांत कापसाचे तंतू. किल्ल्याच्या बागेत कधीपासून माग लागले?
यांना काही बोलले नाही. जेवताना म्हणाले, "आज भरतात मीठ कमी आहे." कमीच घातलं होतं.

१० मे, बुध.
सकाळी पोरांना घेऊन नळावर. पाणी आलंच नाही, रांगेतच अंघोळ झाल्यासारखा घाम. परत येताना बाळूला एकट्याला गाठलं. चार वर्षांचा, याला अजून खोटं जमत नाही. गोळा घेऊन दिला, तेव्हा बोलला.
"काकूकडे जातो. काकू मला खारे दाणे देते. बाबा म्हणाले, आईला बाग म्हणायचं."
पुढचं ऐकवेना. दरवर्षी मी बार्शीला महिनाभर आणि हे इथे. म्हणायचे, "मला इथं निवांत वाचता येतं." सहा उन्हाळे वाचलं यांनी.
आणि पोरांना खोटं शिकवलं. याचा राग जास्त की त्याचा, कळत नाही.

११ मे, गुरु.
शेजारी पापड लाटायला जाते म्हणून निघाले आणि यांच्या मागे गेले. डोक्यावरून पदर. लाज वाटली, पण पाय थांबले नाहीत. हे बागेकडे वळलेच नाहीत. सरळ साखर पेठ. सगळीकडे मागांची खडखड आणि तेलुगू बोलणं.
एका बोळात पायरीवर ती बसली होती. मंजू तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे, वेणी चाललेली. हे बाजेवर बसून पाणी पीत होते. स्वतःच्या घरी असल्यासारखे. ती काहीतरी बोलली आणि हे हसले. माझ्याकडे बघून असं कधी हसले होते, आठवून पाहिलं.
पुढे जाऊन विचारणार होते. नाही जमलं. घरी आले, मोरीत तोंड धुतलं. परत तोंड धुतलं.

१३ मे, शनि.
दोन दिवस अन्न गोड लागत नाही. आज हे वाचनालयात गेल्यावर सा.बाईंना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, तुमचा मुलगा आहे, तुम्हीच विचारा. त्या शेंगा निवडत होत्या, निवडतच राहिल्या.
मग म्हणाल्या, "कशी हाय दिसायला?"
म्हटलं, उंच. नाकेली.
"वेणी डाव्या हातानं घालती?"
मी आठवलं. हो, डावखुरी होती.
शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "माझी लेक हाय ती. पाचपेडी मीच शिकवली तिला, गावाकडं करकंबला. उजव्या हातानं कर म्हणून लई मारलं, न्हाय ऐकलं."
या घरात एक नणंद होती एवढं मला माहीत होतं. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तिने तेलुगू विणकराशी लग्न केलं आणि मामंजींनी तिचं नाव घ्यायचं नाही म्हणून सगळ्यांकडून वचन घेतलं. मामंजी गेले, वचन राहिलं. ती सोलापुरातच आहे, हे मला कुणी सांगितलं नाही.
"तुम्हाला माहीत होतं?"
"पैल्या दिवशी पोरीची वेणी बघितली तवाच कळलं की."
आणि मी बावळट त्यांच्यासमोर ती वेणी रोज उसकटत होते.

१५ मे, सोम.
यांच्याशी बोलले. म्हणाले, "आईला कळलं तर सहन होणार नाही म्हणून." मी म्हटलं, आईचं राहू द्या, मला का नाही? चार वर्षांच्या बाळूवर विश्वास, माझ्यावर नाही. हे मला लागलं ते लागलंच. बाई निघाली असती तर भांडले तरी असते. आता भांडायचं कुणाशी?
संध्याकाळी हे निघताना सा.बाईंनी मला माळ्यावर चढवलं. यंदाचा कुरडयांचा डबा खाली. फडक्यात बांधून यांच्या हातात दिला. "बागंत चालला न्हवं? असू दे बरूबर." एवढंच. यांचे कान लाल.
तेव्हा मला उमगलं, सासरी गेलेल्या लेकीच्या वाट्याला आठ वर्षं माळ्यावर वास लागत होता.

१६ मे, मंगळ.
काल सगळे उशिरा आले. डबा परत नाही. मंजूची वेणी मी घातली होती तशीच, तीन पेडांची. सा.बाईंनी तिला ओढून पाठमोरी बसवलं, वेणी हातात घेतली आणि तशाच बसल्या. मला वाटलं, संपलं. नणंदेला राग आला असणार, आठ वर्षांनी कुरडया कसल्या पाठवता म्हणून.
यांना विचारलं तर "काही बोलली नाही" म्हणाले. यांच्या सांगण्यावर माझा अजून भरवसा नाही. मंजूला विचारलं.
"काकू डबा मांडीवर घेऊन बसली. उघडलाच नाही. मी वेणी घालून घ्यायला उभी होते, पण ती विसरली."
सा.बाईंनी ऐकलं. उठून देवापाशी गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत.
आज दुपारी मी तेल-फणी घेऊन बसले तर म्हणाल्या, "पोरीची वेणी घालू नगंस. केस मोकळंच सोडून धाड."
धाडले. आत्ताच तिघे गेलेत. निघताना यांनी दारात थांबून माझ्याकडे बघितलं, चल म्हणाले नाहीत. मी चप्पल घालून बसले आहे. सा.बाईही बाहेर येऊन बसल्यात, पायांत वहाणा. त्या माझ्याकडे बघत नाहीत, मी त्यांच्याकडे.