विमानतळाजवळचं हॉटेल, शास्त्रशुद्ध पद्धतीनं

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.
आजपासून रोजनिशी. रोज एक पान, खाडा नाही. ही कुणी वाचायची नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.
खरं असं की आज मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. हैदराबादच्या मोठ्या कंपनीचे दोन साहेब १९ तारखेला आमचा शेंद्र्याचा कारखाना तपासायला येणार आहेत. ते पास म्हणाले तर गाड्यांना लागणाऱ्या रबरी बुशची मोठी ऑर्डर. आमचे मालक तात्यासाहेब यांनी केबिनच्या दारातच मला सांगितलं, पाहुण्यांसाठी एअरपोर्टजवळ एखादं चांगलं हॉटेल बघून ठेव. आणि ते फोनवर बोलत निघून गेले.
माझे ट्रायलचे तीन महिने ३० तारखेला संपतात. परमनंट करायचं की नाही ते त्यानंतर ठरणार. म्हणजे हॉटेल हे निमित्त आहे, परीक्षा माझी आहे, हे मी लगेच ओळखलं.
मुनिराआपा (अकाउंट्स, सोळा वर्षं याच खुर्चीत) म्हणाल्या, "कैसा हॉटेल होना, एक बार साहेबको पूछ ले ना गं." मी नुसती हसले. विचारायचंच होतं तर बी.कॉम. कशाला केलं?
संकल्प: आपल्या भागात सगळी कामं अंदाजानं होतात. हे काम पद्धतीनं होईल.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
एक्सेल शीट तयार. नाव: हॉटेल सिलेक्शन मॅट्रिक्स. चौदा निकष, प्रत्येकाला वेगळं वजन. शांतता २० टक्के, गादी १५, पडदे १०, गिझर ८. जेवण २. पाहुणे कामाला येणार आहेत, जेवायला नाही.
रात्रीच्या जेवणाआधी पप्पांना मोबाइलवर दाखवली. पप्पांचं करमाड फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. ते बराच वेळ रंगीत रकाने बघत राहिले. मग म्हणाले, गादीला पंधरा मार्क लई झाले. ही कॉर्पोरेट पद्धत आहे असं मी समजावलं. घरात मी पहिली ग्रॅज्युएट. त्यांना एकदम झेपणार नाही.
शेजारच्या सरूबाई वीजबिल घेऊन आल्या. त्यात 'समायोजन' असं लिहिलंय ते काय, म्हणून. मलाही कळलं नाही. पण आपल्या घरात 'कळलं नाही' म्हणायची आता सोय राहिलेली नाही. होतं कधीकधी तसं, असं सांगितलं. समाधानानं गेल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
काल लिहिलं नाही, विचार चालू होता. विचार हेही एक प्रकारचं लेखनच.
तात्यासाहेबांनी विचारलं, बघितलं का हॉटेल. मी म्हणाले, प्रोसेस चालू आहे. ते म्हणाले, बसायला ऐसपैस पाहिजे, सहा जण बसू.
निकष क्र. १५: खोलीत सोफा.

८ नोव्हेंबर, शनिवार.
हाफ डे. प्रत्यक्ष पाहणी सुरू.
हॉटेल रनवे व्ह्यू: रनवे दिसत नाही. गच्चीवरून पाण्याची टाकी आणि एका मंगल कार्यालयाची मागची बाजू दिसते. मॅनेजरनं विचारलं, मॅडम, राहणार कोण? मी म्हणाले, मला फक्त खोल्या बघायच्या आहेत. तो म्हणाला, फक्त बघायला इथं कुणी येत नाही. ग्राहकाशी बोलण्याची पद्धत: १० पैकी १.
गगनझेप लॉजिंग: जिना फार अरुंद. समोरून कुणी आलं तर एकानं मागं जायचं. मीच गेले. बाकी तपासणी सोडून दिली.

९ नोव्हेंबर, रविवार.
जालना रोडवर खाजगी आयुष्य नाही.
काल मी गगनझेपच्या जिन्यावरून उतरताना कुणी एका ट्रकवाल्यानं पाहिलं. त्याच ट्रकचं चाक फाट्यावर बसलं. बातमी माझ्याआधी घरी.
मम्मी भाकरी थापताना तव्याशीच बोलत होती. "बन्सीची पोरगी लॉजवरून उतरताना दिसली म्हणं. शिकवा अजून."
मी शांतपणे सांगितलं की ते ऑफिसचं काम होतं आणि लॉज म्हणजेच हॉटेल. यावर पप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "नाय बाई. जिथं खायाला भेटतं ते हॉटेल. जिथं झोपायला भेटतं ते लॉज. हॉटेलात कुणीबी जातं. लॉजवर जायाचं तर कारण लागतं."
पप्पांचा शब्दकोश १९८५ मध्येच थांबलाय. जगात कुठंही जा, हॉटेल म्हणजे मुक्काम. पण वडील आहेत, म्हणून वाद घातला नाही. (थोडा घातला. मम्मीनं भाकरी करपली म्हणून माझ्याच नावानं खडे फोडले.)
निर्णय: पुढच्या पाहणीला मुनिराआपांना सोबत न्यायचं. सुरक्षेसाठी नाही, साक्षीदार म्हणून.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
सापडलं! हॉटेल शांतिप्रिया एक्झिक्युटिव्ह. विमानतळापासून चार मिनिटं. नवीन इमारत, नवीन गाद्या, पडदे असे जाड की दुपारी बारा वाजता खोलीत अंधार.
आवाजाची चाचणी घेणं भाग होतं. आपल्याकडं विमानं मोजकीच, त्यामुळे वाट बघावी लागली. आपा खाली रिसेप्शनवर बसल्या, मी खोलीत. परवानगी घेऊन गादीवर आडवी झाले आणि डोळे मिटले. डोळे मिटल्यावर कान जास्त काम करतात. विमान कधी उडालं ते कळलंच नाही. आपांचे पाच मिस्ड कॉलही कळले नाहीत. शेवटी त्यांनी वर येऊन दार वाजवलं.
शांतता: १० पैकी १०.
परत येताना आपा म्हणाल्या, इथं किचन दिसलं नाही. खरंय, किचनचं काम अजून चालू आहे, जानेवारीत सुरू होईल. दोन टक्क्यांचा प्रश्न. त्या पुन्हा म्हणाल्या, साहेबको पूछ ले. आपा मनानं चांगल्या आहेत, पण निर्णयक्षमता नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
तात्यासाहेबांच्या आणखी सूचना, चालता चालता. (ते कधीच बसून सूचना देत नाहीत.) एक, पाहुण्यांतले एक शाकाहारी आहेत. दोन, ते बुधवारी सकाळच्या विमानानं येतील आणि संध्याकाळच्या विमानानं जातील.
कोणत्या संध्याकाळच्या, ते बोलले नाहीत. पण मोठी माणसं एवढ्या लांबून येऊन एका दिवसात जात नसतात. म्हणजे गुरुवारच्या. काही गोष्टी न सांगता समजून घेणं यालाच इनिशिएटिव्ह म्हणतात.
शाकाहारी साहेबांना कोपऱ्यातली खोली. तिथं कुठलाच वास येत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
दोन खोल्या बुक. सोफा असलेल्या.
तात्यासाहेबांनी विचारलं, ज्वारीची भाकरी मिळते का तिथं? मी दोन सेकंद गोंधळले. मग लक्षात आलं, मी दबावाखाली कशी वागते हे ते बघत असणार. मी म्हणाले, सर, व्यवस्था होईल, तुम्ही निश्चिंत राहा. ते निश्चिंत झाले. मला ते दिसलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
सगळं तयार. स्वागताचे दोन गुच्छ. मॅट्रिक्सची रंगीत प्रिंट, तात्यासाहेबांनी निवडीमागचं कारण विचारलं तर दाखवायला. कंपनीचे ड्रायव्हर कडूबामामा यांना नकाशा काढून दिला. ते म्हणाले, बाई, मी ह्या रोडवर बावीस वर्षं गाडी चालवतो. मी म्हणाले, तरीही ठेवा.
आज लवकर झोपणार. उद्या इतिहास.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ९:२०. विमानतळ.
पाहुणे आले. मोठे साहेब अप्पाराव, साठीचे, शांत. दुसरे तरुण, तेच शाकाहारी. दोघं पहाटे तीनला उठून निघालेत. सामान: प्रत्येकी एक लॅपटॉपची बॅग, बस्स. कडूबामामा माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यांचं कपड्यांचं काय?" मी सांगितलं, अनुभवी लोक कमी सामान घेऊन फिरतात.

दुपारी १२:४०. कारखाना.
तपासणी चालू. मोल्डिंग बघून झालं. अप्पाराव साहेब दोनदा 'गुड' म्हणाले. टेस्टिंग रूम आणि रेकॉर्ड दुपारी. खरा निकाल तिथंच लागणार, असं तात्यासाहेब म्हणाले.
तात्यासाहेब आत्ता माझ्याकडं वळून म्हणाले, चल, कुठं ठरवलंस हॉटेल? सगळेच निघतोय. दोन गाड्या. प्रॉडक्शनचे दोघंही येतायत. खोल्या बघायला एवढी माणसं कशाला, कळलं नाही. उत्साह असेल.

संध्याकाळी ७:३०. घर.
क्रमानं लिहिते. क्रमानं लिहिलं की कुठलीच गोष्ट वाटते तेवढी वाईट राहत नाही.
१:१० ला शांतिप्रियाला पोचलो. मी पुढं होऊन किल्ल्या घेतल्या. सगळे माझ्यामागं दुसऱ्या मजल्यावर. मी दार उघडलं, दिवा लावला, पडदे दाखवले, गिझर दाखवला. तात्यासाहेबांनी बाथरूममध्ये डोकावून बघितलं, परत आले आणि गादीच्या काठावर बसले.
"प्रेरणा, ताटं कुठंयत?"
"सर, कसली ताटं?"
"जेवायची. हॉटेल बघ म्हणलो होतो ना तुला."
"सर, हेच हॉटेल आहे."
तात्यासाहेबांनी गादीवर हात दाबून बघितला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"बाई," ते म्हणाले, "हे लॉज आहे."
मॅट्रिक्सची प्रिंट माझ्या हातातच होती. मी ती पाठीमागं धरली.
कडूबामामांना जेवण आणायला पळवलं. रस्त्यावर कंटेनर आडवा झालेला, त्यांना पाऊण तास लागला. तोवर पाहुण्यांनी विचारलं, पाच मिनिटं टेकलो तर चालेल का. पहाटे तीनपासून जागे होते बिचारे. नाही कसं म्हणणार?
दोन वाजता जेवण आलं. दोघं गाढ झोपलेले. तात्यासाहेब दारात उभं राहून बघत होते. प्रॉडक्शनवाले म्हणाले, उठवू का साहेब? तात्यासाहेब म्हणाले, झोपलेल्या पाहुण्याला उठवत नसतात, आपल्यात ती रीत नाही. पाच मिनिटांत उठतील.
आम्ही सगळे जिन्यात बसून जेवलो. पिठलं चांगलं होतं. (भाकरीही होती. हे मी कुठं बोलले नाही.)
तीन वाजले. खोलीतून आवाज नाही. साडेतीनला वरून एक विमान गेलं. तात्यासाहेबांनी मोठ्या आशेनं दाराकडं बघितलं. काही नाही. एवढ्या शांततेत झोप मोडणार कशानं?
साडेचारला अप्पाराव साहेब स्वतःच उठले आणि घड्याळ बघून त्यांनी दुसऱ्यांना हलवलं. सहाचं विमान, आजचंच. टेस्टिंग रूम बघायची राहिली, रेकॉर्ड राहिलं. उरलेलं नंतर बघू म्हणाले. गुच्छ मात्र आठवणीनं नेले.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
रात्रभर विचार केल्यावर चित्र स्पष्ट झालं. चूक सूचनेत होती. 'हॉटेल' या शब्दाची व्याख्या आधीच लिखित स्वरूपात मिळायला हवी होती. शिवाय तपासणी झालीच नाही, म्हणजे दोषही निघाला नाही.
मुनिराआपांनी आज चहा स्वतः आणून दिला.
पप्पांना फक्त एवढंच सांगितलं, की पाहुण्यांना जागा फार आवडली.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
हैदराबादहून ईमेल! उरलेली तपासणी जानेवारीत. आणि शेवटच्या ओळीत राहण्याच्या व्यवस्थेबद्दल खास आभार. 'खास' हा शब्द आहे. मी तीनदा वाचला.
प्रिंट काढून तात्यासाहेबांपुढं ठेवली आणि धीर करून परमनंटचा विषय काढला. त्यांनी चष्मा वर केला, ईमेल वाचली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बघू."
बघू! नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायचं असतं तर नाहीच म्हणाले असते, सरळ माणूस आहेत. 'बघू' हे भविष्यकाळी क्रियापद, म्हणजे होणार हे नक्की, फक्त तारीख उरली. घरी सांगितलं. पप्पांनी फाट्यावर सगळ्यांना चहा पाजला. मम्मीनं तव्याला सोडून पहिल्यांदाच माझ्याकडं बघून विचारलं, भाजी वाढू का अजून.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
पप्पांच्या दुकानात आज दोन ड्रायव्हरनी माझं अभिनंदन केलं. त्यातला एक बहुतेक तोच जिन्यावाला.
तात्यासाहेब काही बोलले नाहीत. पत्र टाइप होत असणार. टायपिंग माझ्याकडंच आहे, पण अशी पत्रं गुप्त असतात, बाहेरून करून घेत असतील.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
उद्या रविवार, तीस तारीख. आज बाराला केबिनमध्ये गेले. पहिल्यांदाच विचारलं. सर, बघू म्हणजे काय?
तात्यासाहेबांना प्रश्न आवडला असावा. समोर बस म्हणाले, स्वतः बसूनच होते. म्हणाले, "बघू म्हणजे अजून तीन महिने ट्रायल."
विचारायला दोन सेकंद लागले. न विचारता पाच दिवस मी परमनंट होते.