पूर्व बाजू: शून्य

२ जानेवारी, सौंसर
अहवाल आज हाती आला. कोकणातलं एक मिठागर बंद पडल्यावर तिथल्या पाणपक्ष्यांचं काय झालं, हे मी तीन हिवाळे चिखलात उभी राहून मोजलं. अहवालावर नाव एकट्या हेमराजचं. पांढुर्ण्याचा, आमचा गटप्रमुख. नाव गाळलं ते एक वेळ सोडलं असतं. पण पूर्व बाजूला त्याने शून्य लिहिलंय. शून्य!

५ जानेवारी
वह्या काढल्या. पश्चिमेची उघाडी, म्हणजे बांधातली पाणी अडवायची झडप, फुटली, भरतीचं पाणी कमरेएवढं साचलं, आखूड पायांचे तुतवार, चिखल्या निघून गेले — हे खरं. पण पूर्वेला तिथले जुने मिठागरी हसुरामकाका, मीठ पिकवणं थांबल्यावरही, रोज उघाडी लावून पाणी घोट्याएवढंच ठेवतात. "मीठ नाय तं नाय, पाखरां तरी बसूंदे." तिथे गेल्या डिसेंबरात आठशे बारा तुतवार होते. शून्य लिहिलं की जागा ओसाड ठरते. भराव टाकायला मोकळी.

६ जानेवारी
फोन केला. म्हणतो, "प्रियंका, तू काहून तापून राहिली? पाखरायनं काय अर्ज देला का?" आणि हसला.

११ जानेवारी
आई म्हणाली, "दुरुस्ती माग अन् मोकळी हो न बाई." नाही. मला दुरुस्ती नको, हेमराज बुडायला हवा. वरच्या कार्यालयाकडे द्यायच्या तक्रारीत लिहिलं — हा माणूस खोटा आहे, याच्या सहीचा एकही कागद ग्राह्य धरू नये. हे वाक्य तीनदा लिहून पाहिलं. दर वेळी जास्त आवडलं.

२० जानेवारी
पांढुर्ण्यात या अहवालाबद्दल त्याचा सत्कार. गेले. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्याने ओळख दिली नाही. बरंच झालं.

३ फेब्रुवारी
सुनावणी. वह्या पुढे ठेवल्या, एकेक तारीख वाचली. हेमराजची मान खाली. बाहेर आल्यावर म्हणाला, "माही नोकरी जाऊन राहिली." त्याच्या ओठांना कोरड पडली होती. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. दिली नाही. परतीच्या बसमध्ये पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

९ फेब्रुवारी
हेमराज बडतर्फ. त्याच्या सहीचा एकही कागद ग्राह्य नाही — म्हणून माझ्या वह्याही बाद. गटप्रमुख म्हणून प्रत्येक पानावर त्याचीच सही आहे.
संध्याकाळी हसुरामकाकांचा फोन. "पोरी, पूर्वेला डंपर आलेत. इथं पाखरां व्हती म्हून कागद दाखव बोलतात. हाय का तुझ्याकडं?"