लगेच तापणारा व्हॉल्व्ह

ठमे,

कामावर निघालोय. तुझं दार बंद होतं, म्हणून उठवलं नाही.

ॲम्प्लिफायर बिघडलेला नाही, उगाच थपडा मारू नकोस. सकाळी मी त्याला माझ्याकडचे जुने रेक्टिफायर व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या बाकीच्या व्हॉल्व्हना वीज पुरवणारे ते काचेचे दिवे, आलटूनपालटून लावून पाहिले. आधीचा बटण दाबताच तापायचा आणि बाकीचे व्हॉल्व्ह अजून गारच असताना त्यांच्या अंगावर विजेचा सगळा दाब सोडायचा. अशाने ते बिचारे लवकर जातात. आवाज मात्र दणदणीत, म्हणून इतकी वर्षं मला तोच आवडायचा. आता हळू तापणारा बसवलाय. बटण दाबल्यावर थोडा वेळ काहीच ऐकू येणार नाही. थांब जरा, येतो आवाज.

काढलेला खोक्यात ठेवत होतो, तर तुझी आई म्हणाली, "देऊन टाका कुणाला तरी. लगेच तापणारा या घरात एक आहे तेवढा पुरे."

काल तू "नोकरी सोडली" म्हणालीस आणि पुढचं ऐकायच्या आधीच मी घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी लवकर येतो. पुढचं सांग. मी तापायला जरा वेळ लावीन.

बाबा