आईसाठी मागितलेली शपथ

पिंपरी,
डिसेंबर १९५७

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. आईची नजर आता पार गेली आणि ती दिवसभर माझंच नाव घेते, हे वाचलं आणि चुलीवरची भाकरी करपली तरी मला उठवेना. पुढं तू लिहिलंस, भेटायला ये, पण आधी देव्हाऱ्यापुढं शपथ घे की तो मुक्यांचा पंथ सोडला. मनातून नसलं तरी चालेल, आईच्या समाधानासाठी एवढं खोटं चालतं, म्हणतोस.

मुक्यांचा पंथ हे नाव मात्र झकास काढलंस. इथं शेजारच्या गोजाबाईही विचारतात, "बाई, तुमच्या देवाला ऐकू येत न्हाई, का तुमालाच बोलता येत न्हाई?" लोक आम्हाला क्वेकर म्हणतात, आम्ही आपसात नुसतं मित्र म्हणतो. होशंगाबादकडच्या दवाखान्यात तुझे दाजी कंपाउंडर होते, तेव्हा आम्ही पहिल्यांदा त्यांच्या सभेत बसलो. भटजी नाही, पाद्री नाही, घंटा नाही. डॉक्टरीणबाईंच्या मांडीला मांडी लावून झाडूवाली अंबुबाई गप्प बसायची, आणि जिला आतून काही सुचेल ती बोलायची. येशूला मी मानते, ते लपवत नाही. पण देवाचा उजेड प्रत्येक माणसात असतो आणि तो दिसायला मध्ये कुणी लागत नाही, एवढंच आमचं म्हणणं. म्हणून तर आम्ही कुणावर हात उगारत नाही. यात बाटण्यासारखं काय आहे, तूच सांग.

दाजी गेले तेव्हा मी तेरावं घातलं नाही, माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, असं गावात बोलतात म्हणे. अरे, रडायलाही जवळ कुणी लागतं. आता इथल्या औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावताना बायकांच्या गप्पांत दिवस निघतो. रविवारी मी दोन चटया अंथरते आणि एकीवर कुणीच नसतं. आमची उपासना चारचौघांनी मिळून गप्प बसायची आहे. एकटीनं बसलं की नुसतं घर खायला उठतं. कितीदा वाटलं, सोडून द्यावं सगळं आणि आईजवळ यावं.

पण शपथ आम्ही घेत नाही, कोर्टातसुद्धा नाही. शपथेवर तेवढं खरं बोलायचं, तर एरवीच्या बोलण्याचं काय? आणि आईला आता माझा चेहरा दिसणार नाही, तिच्यासाठी माझा आवाज तेवढा उरलाय. तोच खोटा कसा करू? हे मी रागानं लिहीत नाही.

लिहायचं कारण असं, की येत्या रविवारी मी चाकणच्या मोटारीनं येते आहे. शपथ घेणार नाही. तू घरात घेतलं नाहीस तर भांडणारही नाही, ओट्यावर बसेन. आईची बाज भिंतीपलीकडंच आहे. तिनं विचारलं तर तू फक्त खरं ते सांग, इंदू आली आहे आणि बाहेर बसली आहे.

तुझीच,
इंदू